बेटावर जाऊन परत आलेला नारळ

नाशिकला समुद्र नाही. हे मला लोकांनी इतक्यांदा सांगितलंय, की जणू तो मीच कुठेतरी लपवून ठेवलाय. सह्या गोळा करायला रविवार कारंजावर उभं राहिलं की दर तिसरा माणूस थांबून हेच सांगायचा आणि सही न करता निघून जायचा. ताजमहालही नाशिकला नाही. मग तो पाडला तर चालेल का? हा प्रश्न मी पत्रकात मोठ्या टाइपात छापला होता. उत्तर आजतागायत कुणी दिलेलं नाही.

त्या बेटाची गोष्ट मी कॉलेजच्या हॉलमध्ये पहिल्यांदा ऐकली. एक पक्षीनिरीक्षक स्लाइड्स घेऊन आले होते. कोकण किनाऱ्यापासून आत, समुद्रात, नुसता काळा खडक. त्यावर सुरय पक्ष्यांची घरटी इतकी दाटीने, की पाय ठेवला तर अंडं फुटणारच. भोवती डॉल्फिन. आणि दर सुट्टीला होड्या भरभरून माणसं यायची, पक्षी एकदम उडालेले बघायला मिळावेत म्हणून खडकावर फटाके लावायची. सगळे पक्षी उडाले की उघडी अंडी उन्हात भाजायची. खाली टाळ्या. ही स्लाइड बघून माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. किनाऱ्यावर काही मंडळी बेटाला संरक्षण मागत होती. मी नाशिकची शाखा काढली. शाखेत मी होतो.

येवल्याच्या कांदा बाजारात एका शेतकऱ्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चारी बाजूंनी पाणी हाय म्हणता?" मी हो म्हणालो. "आन तरी त्याची तक्रार हाय?" तरीही सही त्याने केली. रविवार कारंजापेक्षा येवला बरं, हे माझं मत तेव्हापासूनचं.

शाखेला दुसरा सभासद मिळाला तो मावशी. ती पंचवटीत राहते, शेवया आणि पापड करून विकते. माझी पत्रकं ती पापडाच्या पुड्यात एकेक घडी घालून टाकायची. वाचत नव्हती, पण गिऱ्हाइकाला सांगायची, आमच्या पोराचं बेट आहे, सांभाळा. माझं वय नोकरीचं होतं आणि नोकरी नव्हती. आईचं तोंड त्यामुळे सदा उतरलेलं असायचं. मावशीने बहिणीचं दुःख स्वतःवर घेतलं आणि मला न सांगता एक काम करून ठेवलं.

ते कळलं बेटाला संरक्षण मिळाल्यावर. सरकारने जाहीर केलं, बेट राखीव, पाऊल ठेवायचं नाही. मी पेढे घेऊन पंचवटीत गेलो. मावशीने पेढा कपाळाला लावला, आत गेली आणि हळदकुंकू लावलेला नारळ घेऊन बाहेर आली. म्हणाली, आता कधी निघायचं? कुठे? तर बेटावर. तिने नवस केला होता. ह्या पोराचं बेट एकदा वाचू दे, म्हणजे ह्याचं चित्त नोकरीत लागेल, मी बेटावर येऊन नारळ फोडीन.

कुठल्या देवाला बोललीस, मी विचारलं. तिथे देऊळ नाही, दगड आणि विष्ठा आहे.

"कुठल्याही बेटावर काहीतरी असतंच," मावशी म्हणाली. "शेंदूर नसला म्हणून काय झालं?"

आता माझ्या पत्रकातला शेवटचा परिच्छेद सांगायला हवा. तो मी स्वतः लिहिला होता: या बेटावर कोणत्याही माणसाने, कोणत्याही कारणाने, पूजेचं निमित्त पुढे करूनसुद्धा, पाऊल ठेवू नये. खाण्याची कोणतीही वस्तू नेऊ नये. त्याखाली दोन रेघा होत्या. किनाऱ्यावरच्या मंडळींना तो इतका आवडला की त्यांनी तो आपल्या निवेदनात जसाच्या तसा घेतला, आणि नियम झाले तेव्हा त्यातही तो उतरला. मी आयुष्यात एकच कायदा करून घेतला आणि तो माझ्या मावशीला आडवा आला.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण मावसबहिणीचं लग्न ठरत होतं. मुलगा मनमाडचा, रेल्वेत, पसंती दोन्हीकडून झालेली. मावशीने सांगून टाकलं की देणं राहिलेल्या घरात कार्य होत नाही. नवस फिटेल, मग तारीख. मनमाडहून फोन यायला लागले. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, नवस कुठला? मावशीने बेटाचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, मुलीला दुसरं स्थळ आलंय का, असेल तर सरळ सांगा. बेटाचं कारण त्यांनी ह्याआधी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

बहीण माझ्यासमोर येऊन बसली. शांतपणे म्हणाली, "दादा, पक्ष्यांची लग्नं तू लावलीस. माझं मोडतंय."

मी तोडगा काढला. नारळ गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, फोडू, पाणी शेवटी समुद्रालाच जातं. मावशीने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. गोदावरी पूर्वेला जाते हे मीच तिला नकाशावर दाखवलं होतं, आणि बेट पश्चिमेला आहे हेही. चुकीच्या समुद्रात नारळ पाठवून नवस फिटत नाही, ती म्हणाली. नकाशा माझाच होता.

शेवटी वनखात्याला विचारून तरी बघू म्हणून मावशी, बहीण आणि मी एसट्या बदलत किनाऱ्यावर पोचलो. नारळ मावशीच्या मांडीवर, पूर्ण प्रवासभर. घाटात बहिणीला उलट्या झाल्या तरी मावशीने तो खाली ठेवला नाही. बंदराजवळ वनखात्याची एक खोली होती. आत वनरक्षक, आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला माझं पत्रक. फ्रेम करून. शेजारी गणपती.

मी नाव सांगितल्यावर तो खुर्चीतून उठला. चहा मागवला. तुमचा शेवटचा परिच्छेद मला पाठ आहे म्हणाला, आणि म्हणून दाखवला. मावशी पहिल्यांदाच तो ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. मी चहात बघत राहिलो. नारळाचं विचारलं बहिणीने.

"ताई, पूजेचं निमित्त पुढे करूनसुद्धा," वनरक्षक म्हणाला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "दोन रेघा आहेत."

मग बोलता बोलता त्याने आपलीच अडचण सांगितली. विणीचा हंगाम संपला होता, घरटी रिकामी होती, म्हणून बेटावर 'प्रवेश निषिद्ध' असा लोखंडी फलक उभा करायचा होता. फलक तयार, होडी तयार, परवानगी आलेली. गवंडी अडून बसला होता. खडकाला पहार लावायच्या आधी नारळ फोडणार, त्याशिवाय नाही. कुठलंही सरकारी काम असो, विहीर असो की मुतारी, आधी नारळ फुटतो, आणि याने तर समुद्रात जायचं. पण नियमाप्रमाणे नारळ नेता येत नाही. त्यामुळे फलक लागत नाही. फलक नाही म्हणून लोक येतातच. गेल्या रविवारी कुणी तिथे वाढदिवस करून गेलं होतं.

मावशीने नारळ टेबलावर ठेवला.

मी म्हणालो, नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. खोबऱ्याचा एक तुकडा राहिला तरी मुंग्या लागतील, उद्या उंदीर पोचतील, आणि उंदीर अंडी सोडत नाहीत. हे मी अजूनही खरं मानतो. त्या खोलीत ते खरं मानणारा मी एकटाच होतो. वनरक्षकसुद्धा टेबलावरच्या नारळाकडे बघत होता.

"दादा," बहीण म्हणाली, "आत्ता तू गप बस."

मी गप बसलो नाही, पण विरोध सोडून अटी घातल्या. नारळ फलकाच्या कामाचं साहित्य म्हणून जाईल. कापडावर फुटेल. करवंटी, खोबरं, शेंडी, सगळं परत येईल. उदबत्ती नाही. आम्ही कुणी जाणार नाही. मावशीने विचार केला. गवंड्याला बोलावून त्याच्या उजव्या हाताला स्वतः कुंकू लावलं आणि सांगितलं, माझा हात म्हणून फोड. दुसऱ्याच्या हाताने फेडलेला नवस चालतो, फक्त जागा तीच लागते. हे तिने मला नाशिकलाच सांगितलं असतं तर घाट वाचला असता.

होडी गेली. आम्ही धक्क्यावर वनरक्षकाची दुर्बीण घेऊन उभे. मावशीला दुर्बिणीतून बेट दिसलंच नाही, तिने ती सारखी आकाशाकडे धरली होती. मध्येच पाण्यातून काहीतरी काळं, गुळगुळीत वर आलं, वाकलं आणि गेलं. डॉल्फिन. पत्रकं वाटण्यात माझी वर्षं गेली होती आणि मी तो पहिल्यांदा पाहत होतो. मावशीने हात जोडले. "म्हटलं नव्हतं, काहीतरी असतंच?"

फलक लावून गवंडी परतला. पिशवीत सगळं होतं, शेंडीसकट. मी तुकडे जुळवून बघितले. पाणी कुठे गेलं, मी विचारलं. तो म्हणाला, प्यायलो. पत्रकात याबद्दल काही नव्हतं.

मावशीने तिथल्याच एसटीडी बूथवरून मनमाडला फोन लावला आणि तारीख काढायला सांगितली. नवस खरंच फिटला का, असं तिकडून विचारलं असावं, कारण ती म्हणाली, सरकारी माणसाच्या देखत फिटलाय.

लग्नात मनमाडकरांनी माझी ओळख करून दिली ती "यांचं बेट आहे" अशी. नोकरी मला अजून लागलेली नाही, तो भाग मावशीच्या नवसात वेगळा होता म्हणे. प्रसादाचं खोबरं तिने मला समोर बसवून खायला लावलं. प्रसादावर माझा विश्वास नाही. पण ते नियमाप्रमाणे परत आणलेलं होतं, म्हणून खाल्लं.

त्या बेटावर मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही आणि ठेवणारही नाही. आमच्या घरातून तिथे गेला तो एक नारळ, आणि तोही परत आला.