शेखर मास्तरांची फायटिंग

शेखर अहिरे दिवसा अंबडच्या कारखान्यात लेथवर उभा असे आणि संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये कराटे शिकवणारा ‘ग्रँडमास्टर’ होई. कमरेचा काळा पट्टा त्याला कुठल्याही गुरूने दिलेला नव्हता. तो त्याने मेन रोडच्या दुकानातून विकत आणला होता. त्याच्या बायकोला, तेजस्विनीला, हे पक्कं ठाऊक होतं, कारण घासाघीस तिनेच केली होती.

तेजस्विनी मूळची मनमाडची. रेल्वे कॉलनीत ती ज्युदो शिकली, राज्य स्पर्धाही खेळली. लग्नानंतर ते सुटलं. नवऱ्याची सगळी विद्या पिक्चरमधल्या हिरोंकडून आलेली: गॉगल, आरोळी, हवेत लाथ आणि मग कॅमेरा नसला तरी कॅमेऱ्याकडे बघणं. ती दारात उभी राहून हे पाही आणि पदराआड हसत असे.

यंदा गणपतीत त्याने स्टेजवर फायटिंग ठेवली. गुंड झाला होता कारखान्यातला पुंजाराम. शेखरने आरोळी ठोकून लाथ मारली, पण पुंजाराम घाईघाईत आधीच आडवा झाला होता. लाथेला कोणी सापडलंच नाही, आणि मास्तर स्वतःच गर्रकन फिरून त्याच्या अंगावर कोसळले. वर तशाच अवस्थेत त्यांनी दोन बोटं उंचावून पोझ दिली. मंडपात हशा पिकला. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ अख्ख्या नाशिकच्या मोबाइलवर होता.

आठवड्याभरात मुंबईहून एका विनोदी कार्यक्रमाचा फोन आला.

“अ‍ॅक्शन कॉमेडी आहे म्हणाले,” शेखर छाती काढून सांगू लागला.

“अ‍ॅक्शन त्यांची असेल. कॉमेडी तुमची,” तेजस्विनी म्हणाली.

तरी ती शूटिंगला सोबत गेली. मोठ्या हिरोला मारून लोळवायचं, असं शेखर रस्ताभर बोलत होता. तिथे एका काडीपैलवान विनोदी नटाने त्याच्या कानफटात द्यायची आणि त्याने पिठाच्या परातीत पडायचं, एवढंच काम निघालं. नटाने आधी ते स्वतः करून दाखवलं. हनुवटी छातीला, हात जमिनीवर सपकन, पाठ गोल. तेजस्विनी चमकली. ज्युदोत पहिला धडा पडण्याचाच असतो, आणि इतकं सुंदर पडणं तिने मनमाड सोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

“अहो, त्यांच्यासारखी मान आत घ्या,” ती हळूच म्हणाली.

“तू मला शिकवतेस? विदूषकाचं बघून?” मास्तर फणकारले.

आणि ते ओंडक्यासारखे पडले. युनिट पोट धरून हसलं. मास्तर मान धरून ओरडत होते, तेही लोकांना अभिनयच वाटला.

घरी ते गळ्याला पट्टा बांधून आले. शेजारच्या सहादूने विचारलं तेव्हा म्हणाले, “फाइट सीनमध्ये लागलं.” तेजस्विनीने त्यांच्याऐवजी क्लास घ्यायला सरळ हॉलची किल्ली उचलली.

तिने मुलांना पहिल्या दिवसापासून फक्त पडायला शिकवलं. पालक वैतागले. “मॅडम, आमच्या समर्थला किक कधी?” एका बापाने विचारलं.

“आधी त्याला जमिनीवर डोकं न आपटता उतरू द्या. मग उडू द्या.”

निम्मी मुलं दुसऱ्या क्लासला गेली. तिथे आरोळ्या जास्त होत्या. गेली तर गेली, असं ती म्हणाली. उरलेल्यांत मुलीच जास्त होत्या, आणि त्यांच्या अंगात दिवाळीपर्यंत ज्युदो दिसायला लागला.

मान बरी झाल्यावर त्या कार्यक्रमाचा पुन्हा फोन आला. शेखर काही दिवस घुटमळला. शेवटी एका संध्याकाळी हॉलमध्ये आला, भिंतीशी उभा राहिला आणि खाकरून म्हणाला, “ते... मान आत कशी घ्यायची म्हणालीस?”

“रांगेत उभे राहा,” ती म्हणाली. “तिथे, वेदिकाच्या मागे.”

वेदिका दुसरीत होती. शेखर तिच्या मागे उभा राहिला, पडला, पुन्हा पडला. तिसऱ्या आठवड्यात त्याला जमलं.

आता तो टीव्हीवर छान पडतो, लोक टाळ्या वाजवतात. मुलाखतीत मात्र तो अजून स्वतःला अ‍ॅक्शन हिरो म्हणवतो. तो तसं म्हणाला की तेजस्विनी रिमोट उचलून आवाज बंद करते आणि चित्र तेवढं बघत बसते.