रिफायनरीकाकांचा शटडाउन

मुलांनो,

गेल्या रविवारी आपण फोनवर समोरासमोर बोलत होतो, तेव्हा पाऊण तासात तुमचा बाबा तीन वेळा उठून गेला. पहिल्यांदा म्हणाला, दार वाजलं. दुसऱ्यांदा म्हणाला, गॅस बघून येतो. तिसऱ्यांदा काहीच म्हणाला नाही. मी मोजलं. असं मोजायला मला एका शेजाऱ्याने शिकवलं, आणि त्याच्याबद्दल तुम्हाला आताच सांगितलं पाहिजे. तुमचा बाबा यंदा बावन्न वर्षांचा झाला आणि तो आपण होऊन काही सांगणार नाही. या बाबतीत तो तुमच्या आजोबांवर गेला आहे.

शेजाऱ्याचं नाव लिहीत नाही. त्यांनी स्वतः सगळं भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, पण कागदावर आलेलं त्यांच्या नातवंडांना आवडेल की नाही, मला माहीत नाही. बडोद्यात, हरणीच्या सोसायटीत ते आमच्या समोरच्या दारात राहायचे. मूळचे जळगावकडचे, नोकरी बाजव्याजवळच्या रिफायनरीत. तुमचा बाबा त्यांना रिफायनरीकाका म्हणू लागला आणि मग सगळी सोसायटीच म्हणू लागली.

काकांची एक सवय होती. कुठलाही काटा दिसला की त्याच्या काचेवर नखाने टिचकी मारायची. भिंतीवरचं घड्याळ, रद्दीवाल्याचा गोल वजनकाटा, एकदा तर डॉक्टरांचं रक्तदाब मोजायचं यंत्र. "काटा अडकून बसतो, ताई. टिचकी मारल्याशिवाय खरं बोलत नाही." प्लांटमध्ये बावीस वर्षं तेच केलेलं, बोट ऐकत नसे.

दुसरं त्यांचं लाडकं प्रकरण म्हणजे शटडाउन. प्लांट ठरलेल्या काळाने बंद करतात, सगळे पाइप उघडतात, साफ करतात, पुन्हा चालू करतात. ते दिवस आले की काका लग्नघरातल्या माणसासारखे दिसायचे. "शटडाउन आपण घ्यायचा असतो, ताई. आपण नाही घेतला तर प्लांट घेतो, आणि त्याला वेळकाळ कळत नाही." कुकरची शिट्टी अडकली, स्कूटर बंद पडली, कुणाच्या मुलाचा अभ्यास होईना, सगळ्यावर काकांचं उत्तर तेच.

आणि तोच माणूस स्वतःचा शटडाउन दोन वर्षं टाळत बसला होता.

आम्हाला एवढंच दिसायचं की काका शिफ्टला तासभर आधी निघतात. तुमचे आजोबा म्हणायचे, "बघ, काय निष्ठा आहे!" खरं कारण मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं. हरणी ते बाजवा या वाटेवर त्यांना तीनदा थांबावं लागे. कुठल्या पेट्रोलपंपावर सोय आहे, कुठला चहावाला मागे जाऊ देतो, सगळं पाठ. एका भिंतीचा आडोसा त्यांचा ठरलेला होता. एक दिवस जाऊन बघतात तर मालकाने भिंतीवर ओळीने देवांच्या टाइल्स लावलेल्या. "साईबाबा, अंबामाता, येशू, सगळे एका रांगेत, ताई. मी हात जोडले, म्हटलं माफ करा, आणि तसाच स्कूटरवर बसलो. कसा पोचलो ते त्या सगळ्यांनाच माहीत." सांगताना ते हसत होते. त्या दिवशी हसले नसणार.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, भजनाला गेल्या आहेत हे बघून ते आमच्या दारात आले. हातात सोनोग्राफीचं पाकीट. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून माझ्याकडे.

"जरा वाचून सांगाल ने?"

मी पेन्सिलीने एकेका ओळीखाली अर्थ लिहून दिला. प्रोस्टेट नावाची ग्रंथी वाढली आहे. लघवीचा मार्ग दाबला गेला आहे. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. प्रोस्टेटला मराठी शब्द शोधायला मी शब्दकोशही काढला; निघाला तो शब्द आम्हा दोघांनाही इंग्रजीपेक्षा अवघड वाटला, तेव्हा तो तिथेच ठेवला.

"म्हणजे पुढची लाइन दबली, म्हणून टाकी खाली होत नाही," काका म्हणाले. मग कागद उलटून बघितला. "कॅन्सर लिहिलंय?"

"नाही. तसं काही नाही. पण डॉक्टर काय म्हणतात?"

"गोळ्या दिल्यात. म्हणतात, नाही जमलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन. बघू." ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "ताई, हिला सांगू नका. आणि प्लांटमध्ये तर कुणालाच नाही. एकदा शेरा बसला की शिफ्टवरून काढतील आणि स्टोअरमध्ये स्टुलावर बसवतील. युनिट चालवलेला माणूस मी. स्टुलावर बसून नटबोल्ट वाटू?"

मी शब्द दिला. शब्द पाळणं हा मला माझा गुण वाटत असे.

पुढच्या दोन महिन्यांत काकांनी जे केलं ते प्लांटमधला माणूसच करू शकतो. पुढची लाइन बंद असेल तर मागून येणारा पुरवठा कमी करायचा, हा त्यांचा रोजचा नियम. ते त्याला फीड कमी करणं म्हणत. तोच नियम त्यांनी स्वतःला लावला. पाणी सोडलं. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, बस्स. मे महिना, बडोद्याचं ऊन आणि आठ तास भट्ट्यांच्या शेजारी काम.

जिन्यात वहिनी मला म्हणाल्या, "ताई, यांची पाण्याची बाटली डब्याबरोबर जाते तशीच परत येते. विचारलं तर म्हणतात, उपास आहे. पाण्याचा कसला उपास?" मी म्हटलं, "उन्हाळ्यात भूकतहान बिघडतेच." मुलांनो, एवढं शहाणं आणि एवढं निरुपयोगी वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी वहिनींनी दार ठोठावलं. काकांना थंडी वाजून ताप भरला होता, आणि सकाळपासून लघवीचा एक थेंब नव्हता. पोट दगडासारखं घट्ट. आम्ही रिक्षा केली आणि रावपुऱ्यातल्या त्यांच्या डॉक्टरांकडे निघालो. रस्त्यातला प्रत्येक गतिरोधक काकांच्या कपाळावर दिसत होता. रिक्षावाला बिचारा मागे वळून विचारत होता, "धीमे लउं, काका?" आणि काका दात आवळून म्हणत होते, "धीमे नहीं, जल्दी. पण धीमे."

त्या रिक्षात मी माझा शब्द मोडला. तीन वाक्यांत वहिनींना सगळं सांगितलं. त्या काकांचा हात धरून बसल्या होत्या, तो सोडला नाही.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बाथरूमचा नळ दहा मिनिटं उगाच चालू ठेवतात, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मला वाटलं, सांगतील तेव्हा सांगतील."

म्हणजे दोन महिने आम्ही तिघेही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो.

डॉक्टरांनी नळी घातली. थोड्या वेळाने आम्हाला आत बोलावलं, तेव्हा काका डोळे मिटून पडले होते आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा सैल झाला होता.

"पाणी का बंद केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"फीड कमी केलं, साहेब."

डॉक्टरांनी ते समजावून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हा पाइप नाही. पाणी तोडलंत, जंतू वाढले, त्याने सूज आली आणि होती ती वाटही बंद झाली. आणखी उशीर केला असता तर किडनीवर गेलं असतं."

काकांनी पलंगाला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघितलं. मग हात लांब करून तिच्यावर टिचकी मारली.

"आता काटा खरं बोलतोय," ते म्हणाले. "तारीख द्या, साहेब."

आधी ताप आणि जंतू उतरायला हवे होते, म्हणून तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर नळी आणि पिशवी घेऊन घरी. पण त्या दिवसापासून हा माणूसच बदलला. दुसऱ्या दिवशी पायजम्याच्या आत पिशवी सांभाळत ते आमच्याकडे फोन करायला आले. त्यांचा स्वतःचा फोन बंद नव्हता. मला वाटतं, बोलताना कुणीतरी ऐकायला हवं होतं, म्हणजे मागे फिरता येणार नाही. त्यांनी शिफ्टच्या साहेबांचा नंबर फिरवला. फोनची वायर बोटाला इतकी गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं.

"साहेब, मी शटडाउन घेतोय. प्रोस्टेट. हो, लघवीचंच. ऑपरेशन. बरा झालो की माझी शिफ्ट मला परत पाहिजे, स्टोअर नको. आताच सांगून ठेवतो."

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. काका ऐकत राहिले, मग फोन ठेवून सावकाश खाली बसले.

"त्याचंही झालंय, ताई. मागच्या वर्षी. आम्हाला सांगून गेला होता, हर्निया आहे म्हणून."

आणि आम्ही दोघं इतकं हसलो की तुमचे आजोबा आतून बघायला आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. काकांनी सांगितलं. आजोबा हसले नाहीत. पेपर घेऊन परत आत गेले. ही गोष्ट मी तेव्हा ध्यानात घेतली नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, पुरुष जे कुणाला विचारत नाहीत तेही काकांनी डॉक्टरांना विचारलं, वहिनी शेजारी बसलेल्या असताना. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या संसारात सहसा काही फरक पडत नाही. थोडं वेगळं वाटेल, पण भिण्यासारखं नाही." वहिनींनी खिडकीकडे बघतच पदर सारखा केला. नंतर मला म्हणाल्या, "मला तर बाई रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या वाचून पाठ झाल्या."

ऑपरेशननंतर दवाखान्यात काकांनी वही मागवली. किती पाणी आत, किती बाहेर, रंग कसा: सकाळी लाल, दुपारी गुलाबी, संध्याकाळी सरबतासारखा. सिस्टर म्हणाली, "काका, हे माझं काम आहे." काका म्हणाले, "तू तुझं लिही, मी माझं लिहितो, मग टॅली करू." शेजारच्या खाटेवर कापडाचे एक गुजराती व्यापारी होते, तेच ऑपरेशन, रडकुंडीला आलेले. काका खाटेवरूनच त्यांना धीर द्यायचे, "गभराशो नहीं, शेठ. लाइन चालू छे."

सगळं एकदम सरळ झालं नाही. नळी काढल्यावर काही आठवडे ताबा राहत नसे. शिंक आली, खुर्चीवरून उठले की कपडे बदलावे लागायचे. पण आता ते लपवत नव्हते. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम, आवळून धरायचं आणि सोडायचं, ते गॅलरीत उभं राहून घड्याळ लावून करायचे आणि आम्हाला ओरडून सांगायचे, "ताई, आज शंभर!" समोरच्या ब्लॉकला वाटायचं, काका सूर्यनमस्कार घालतात. पावसाळा संपता संपता ते पुन्हा स्कूटरवरून शिफ्टला गेले. ठरल्या वेळी निघाले, तासभर आधी नाही.

दिवाळीनंतर सोसायटीची मीटिंग भरली. तेव्हा बडोद्यात सगळ्यांनाच काहीतरी नवं हवं होतं. आमच्या सेक्रेटरीभाईंना गेटजवळ कारंजं हवं होतं, रंगीत दिव्यांचं. काका उभे राहिले.

"त्या जागी संडास-मुतारी बांधा. वॉचमन आहे, भाजीवाली आहे, पोस्टमन आहे. चालायला जाणारे आपले म्हातारे आहेत. कारंज्याची सोय आहे आणि माणसाची नाही?"

"पण काका, गेट पासे संडास?" सेक्रेटरीभाई म्हणाले. "मेहमान शुं कहेशे?"

"मेहमान थँक्यू कहेशे."

हशा पिकला. काका मात्र बसले नाहीत. "मला प्रोस्टेट होतं. लाज वाटली म्हणून मी पाणी सोडलं आणि मरता मरता वाचलो. इथे पन्नाशीच्या पुढचे अकरा पुरुष आहेत. मीटिंग सुरू झाल्यापासून चार जण उठून जाऊन आले. मी मोजलेत. नावं घेत नाही."

मी मनात मागे जाऊन मोजू लागले. एक, दोन, तीन. चौथे तुमचे आजोबा होते. स्कूटरचं लॉक बघून येतो, असं मला सांगून गेले होते. रोज रात्री जेवण झाल्यावरही ते स्कूटरचं लॉक बघायला जायचे. शेजारच्या माणसाचा रिपोर्ट मी पेन्सिलीने समजावून दिला होता आणि माझ्या घरातली स्कूटर मला कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "जरा समोर जाऊन येतो." तासाभराने काका त्यांना घेऊन आले आणि मला म्हणाले, "ताई, यांचंही फीड चेक करायचंय." पुढच्या महिन्यात आजोबांचं त्याच डॉक्टरांकडे ऑपरेशन झालं. तेव्हा बाहेरगावी असलेल्या बाबाला आम्ही कळवलं, की हर्निया आहे. म्हणून आज हे सगळं लिहावं लागतंय.

काका पुढे निवृत्तीपर्यंत शिफ्टवर राहिले आणि मग जळगावला गेले. काही वर्षांपूर्वी गेले, हृदयविकाराने. त्या जुन्या तक्रारीने पुन्हा डोकं वर काढलं नाही, असं वहिनींनी फोनवर मुद्दाम सांगितलं.

हे पत्र बाबाला वाचायला द्या. तो चिडेल. चिडू दे. मग त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि मला तारीख कळवा.

सोसायटीत कारंजं झालं नाही. काकांच्या सांगण्यावरून गेटजवळ बांधलेली ती छोटी खोली अजून आहे. तिला आतून कडी आहे, नळाला पाणी येतं, आणि तिला कुलूप नसतं.