न बघता मारलेली खूण

क्लबात सगळे त्यांना घसारेकाका म्हणत. हे आडनाव नव्हतं, पेशा होता. यंत्र झिजतं, गाडी झिजते, तसा विकत घेतलेला फुटबॉलपटूही हिशेबात झिजतो, आणि ही झीज, म्हणजे घसारा, दर वर्षी लिहून काढणं हे काकांचं काम. पाच वर्षांच्या करारावर माणूस घेतला की त्याची किंमत पाच वर्षांत सारखी वाटून टाकायची. करार संपला की वहीत तो शून्य, मैदानावर भले गोलांचा पाऊस पाडत असो. गोलकीपर जिन्यात भेटला की विचारायचा, "काका, किती उरलोय मी?" काका न थांबता सांगत, "दोन पंचमांश. जपून उतर, पायरी ओली आहे."

क्लबातच वाढलेल्या पोरांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी कोणाला काही मोजलेलं नसतं, म्हणून वहीत ती पहिल्यापासून शून्यच. काकांचा भाचा असाच शून्य होता. चेंडू पायात आला की आधी स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची आणि मग काय करायचं ते ठरवायचं, या खोडीमुळे त्याला भिंगरी म्हणत. त्याचे वडील तो रांगत असतानाच गेले. काकांनी लग्न केलं नाही, बहिणीच्या घरामागच्या गल्लीत खोली घेतली आणि भाच्याला बोट धरून मैदानावर नेलं.

"मामा, मी शून्य म्हणजे फुकट का?" भिंगरीनं एकदा विचारलं होतं.

"फुकट नाही. तुला किंमत लावलेली नाही. दोन्हींत फरक आहे, पण तो कळायला आधी पोट सुटावं लागतं."

क्लबात एक जुनी पद्धत होती. वर्ष बंद करण्याआधी वहीतली प्रत्येक चीज डोळ्यांनी बघायची आणि तिच्यापुढे हिरव्या पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. गोलपोस्ट, पाण्याचे पाइप, खुर्च्या, आणि वहीत होते म्हणून खेळाडूसुद्धा. काका कपडे बदलायच्या खोलीत उभे राहत, एकेकाच्या तोंडाकडे बघत आणि खूण करत. एकदा एक जण आंघोळीला गेला होता, तर काका दाराबाहेर खांबासारखे उभे राहिले.

"अहो काका, गातोय की तो! ऐकू येत नाही का?"

"येतं ना. पण वहीत गाणं नाहीये, माणूस आहे."

त्या वर्षी क्लब तोट्यात होता. तोटा ठरलेल्या रेषेपलीकडे गेला तर लीगमधून हकालपट्टी होते. चेअरमन मूळचे फरशांचे व्यापारी. तडा गेलेली फरशी कपाटाखाली कशी बसवायची हे त्यांना कोणी शिकवावं लागत नसे. त्यांनी काकांना बोलावलं.

"नदीपलीकडच्या क्लबाचीही आपल्यासारखीच गत आहे. त्यांचं घरचं एक पोर आपण घ्यायचं, आपलं एक त्यांना द्यायचं. दोघांची किंमत सारखी. मोठी."

"मोठी म्हणजे?"

चेअरमननी सांगितली. काकांनी चष्मा काढून पुसला. "एवढ्यात आपलं मैदान येईल, साहेब. गवतासकट."

"पण पैसा जातोय कुठे? त्यांचा चेक आपल्याला, आपला त्यांना. आपलं पोर शून्याचं, म्हणून विक्रीची रक्कम यंदाच अख्खी नफा. आणि त्यांच्या पोराची खरेदी पाच वर्षांत वाटायची. हे मी तुम्हाला शिकवू?"

शिकवायची गरज नव्हती. सगळं नियमात बसत होतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण पंगत खरी होती आणि वाढपी काका होते.

"आपलं पोर कोणतं?" त्यांनी विचारलं.

"तुमचा भाचा. गिरकीला सध्या भाव आहे म्हणतात."

बहिणीनं विचारलं, "दादा, नीट ठेवतील ना रे त्याला?" काका म्हणाले, "एवढी किंमत देऊन घेतलाय, जपतीलच." हे वाक्य त्यांना पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. भिंगरी खांद्याला बॅग लावून बसमध्ये चढला, खिडकीतून जीभ काढून दाखवली आणि गेला.

तिकडून यायचा होता तो बचावफळीतला एक उंच पोरगा. त्याला शिडी म्हणत. त्याची नोंदणी आली, करार आला, नावाचा शर्ट छापून आला. शिडी आल्याचं काकांनी ऐकलं, पण त्यांना तो काही भेटला नाही. मोठ्या संघाला वाटे तो दुसऱ्या संघात सराव करतोय. दुसऱ्या संघाला वाटे मोठ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं काकांनी स्वतःला समजावलं.

वर्षअखेर आली. काका पेन्सिल घेऊन उभे राहिले. सगळ्यांपुढे खुणा झाल्या, एक राहिली.

"शिडी कुठे आहे?"

"आत्ता तर होता," कॅप्टन म्हणाला. "मालिशवाल्याकडे गेला बघा."

मालिशवाला हात पुसत म्हणाला, "हा काय, आत्ताच उठून गेला. व्यायामाच्या खोलीत बघा."

व्यायामाच्या खोलीत कोणी नव्हतं. बाकावर पाठीचा ओला ठसा होता. खांदे रुंद असावेत. काका बघत उभे राहिले तसा ठसा कडेकडेनं वाळत गेला.

दारात चेअरमन आले. "काका, तिकडे ऑडिटरचा चहा गार होतोय."

"एक माणूस बघायचा राहिलाय."

"अहो, नोंदणी आहे, करार आहे, शर्ट आहे. आता तर घामही बघितलात. आणखी काय हवंय, जन्मखूण?"

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा न बघता खूण केली.

त्यानंतर शिडी जास्तच असायला लागला. धुलाईला त्याचा शर्ट मळलेला जाई. जेवणघरात त्याच्या जागी वाढलेलं ताट रिकामं होऊन परत येई. मग संघाचा फोटो निघाला आणि काकांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लागला. मागच्या रांगेत मधे एका माणसाएवढी जागा मोकळी होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी त्या मोकळ्या जागेच्या खांद्यावर हात टाकले होते. हात बरेच वर होते. उंच माणसाच्या खांद्यावर टाकावे तसे.

गोलकीपर फोटोपुढे थांबला. "झकास आलाय. फक्त शिडीनं डोळे मिटलेत, गाढव कुठला."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

त्याच आठवड्यात बहीण त्यांच्या खोलीवर आली. बसली नाही.

"दादा, तू भिंगरीशी बोललास इतक्यात?"

"का? फोन उचलत नाही का?"

"उचलतो. तेच तर. जेवलास का विचारलं, म्हणाला जेवलो. काय जेवलास? म्हणे जेवण. खोली कशी आहे? म्हणे खोलीसारखी. जन्मात या पोरानं मला एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही, आणि आता सगळी उत्तरं बरोबर! आवाज त्याचाच आहे रे. पण त्या आवाजामागे काहीच नाही. पंखा नाही, भांडं नाही. श्वास घेतल्याचासुद्धा आवाज नाही." ती दाराला धरून उभी राहिली. "मला माझा पोरगा दाखव. एवढंच कर."

दुसऱ्या दिवशी काका नदीपलीकडे गेले. तिथल्या हिशेबाच्या खोलीत एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या, नाकाला रुमाल लावून बसलेल्या.

"भिंगरी ना? चांगला रुळलाय," बाई म्हणाल्या.

"बोलवता का?"

"आत्ताच होता इथे."

"कोणी बघितला?"

"सगळ्यांनी."

"तुम्ही?"

बाईंनी रुमाल खाली घेतला. "मी म्हणजे... कागद वरून आला, मी शिक्का मारला. आमच्यात बघायची पद्धत नाही. तुमच्यात आहे म्हणे."

"आहे. पण यंदा मीही बघितलं नाही."

खिडकीखाली गवत कापायचं यंत्र बंद पडलं आणि ते चालवणारा माणूस टाचा उंचावून आत बघू लागला. बाई हळूच म्हणाल्या, "शिडीचे वडील आहेत. रोज विचारतात."

"हे तिकडचे का हो?" वडिलांनी विचारलं. "आमचा शिडी जेवतो ना व्यवस्थित? फोनवर म्हणतो, जेवलो."

काकांना खोटं बोलायची सवय नव्हती. "ताट रिकामं झालेलं मी बघितलंय," ते म्हणाले. वडील खूश होऊन यंत्राकडे गेले. ते लांब जाईपर्यंत काका खिडकीबाहेरच बघत राहिले.

"ही दोन्ही पोरं शून्याची होती तोवर दिसत होती," मग ते म्हणाले. "आपण नसलेली किंमत लिहिली. वहीत किंमत आहे म्हटल्यावर तिच्यामागे काहीतरी असावं लागतं. ते त्या पोरांमधूनच आलं असणार."

"मग आता?"

"खोडायची. दोन्हीकडे शून्य."

"नफ्याचा बोऱ्या वाजेल. आणि त्याच्या आधी आपला."

"हो."

बाईंनी बराच वेळ नाक पुसलं. "तुम्ही आधी करा. मग मी बघते."

"बघते म्हणजे करते?"

"बघते म्हणजे बघते."

एवढ्या भरवशावर काका परतले. एखादी जाळी किंवा खुर्ची सापडली नाही तर वहीत एक ठरलेला शेरा मारून तिची उरलेली किंमत त्याच वर्षी तोट्यात टाकायची, असा नियम होता. काकांनी हिरवी खूण खोडली, शिडीच्या नावापुढे लिहिलं 'आढळला नाही', आणि त्याची एक प्रत ऑडिटरला, एक लीगला पाठवून मग चेअरमनना सांगितलं. हा क्रम महत्त्वाचा होता.

चेअरमन आधी लाल झाले, मग पांढरे. "भाच्यापायी क्लब बुडवलात! तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोकं आहे, साहेब. भाचा नाहीये."

नोकरी तिथल्या तिथे गेली. काका आपला डबा घ्यायला जेवणघरात आले, तर दारात एक अतिउंच पोरगा बॅग खांद्याला लावून उभा होता. दार पुरेसं उंच असूनही तो वाकला होता.

"हा तोच क्लब ना?" त्यानं विचारलं. "माझी बस आत्ताच पोचली."

ती बस पोचून गेल्याला कित्येक महिने झाले होते. काकांनी त्याला बसवलं, स्वतःचा डबा पुढे केला. पोरगा असा जेवला की बघणाऱ्याला भीती वाटावी. गोलकीपर शेजारून जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय शिडी, आज लवकर?" आणि पुढे गेला. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

काकांनी त्याच दुपारी शिडीला घेऊन नदी ओलांडली आणि त्याला बाईंच्या खिडकीसमोर उभं केलं. बाई शिडीला तो कमरेएवढा होता तेव्हापासून ओळखत होत्या. त्या उठून खिडकीशी आल्या, हात बाहेर काढून त्याच्या बाहीला लावला आणि मागे घेतला.

"आमचा चेअरमन तुमच्या चेअरमनपेक्षा वाईट आहे," त्या म्हणाल्या.

"असेल."

"माझी पेन्शन अडकवेल तो."

"अडकवेल."

"निदान नाही तरी म्हणा की! समजूत तरी घाला!"

"काय घालू? होईल ते खरंच होईल."

एवढ्यात यंत्र थांबलं. वडील धावत आले नाहीत. चालत आले, लेकाच्या छातीला हात लावून बघितला, मग दंडाला, मग गालाला. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी काकांकडे बघितलं. "आणि यांचं पोर कुठंय?" ते बाईंना म्हणाले. "बदल्यात दिलेलं?"

बाई आत गेल्या. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही, आणि मग कागदावर पट्टी धरून रेघ ओढल्याचा आला.

इमारतीच्या कोपऱ्यावरून भिंगरी आला. खांद्याला बॅग, बसच्या सीटनं पाठीमागे चपटे झालेले केस. "मामा? तू माझ्या आधी कसा पोचलास?"

दोन्ही क्लब लीगबाहेर गेले. बाईंची पेन्शन खरंच अडकली. काकांना त्यांचं पत्र येतं. शिडीचे वडील आता त्याला यंत्रावर आपल्यापुढे बसवून गवत कापतात, पाठीमागे बसू देत नाहीत, का ते सांगत नाहीत, असं बाईंनी एका पत्रात लिहिलं होतं. काकांनी कारण विचारलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं.

कारण भिंगरी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत बहीण म्हणाली होती, "दादा, पोरगा तोच आहे. काय जेवणार विचारलं की हवामान सांगतो. पण मी ओट्याकडे तोंड केलं ना, की घरात मी एकटीच असते. एकटं घर बाईला कळतं रे. वळले की असतो. पुन्हा पाठ केली की..."

काकांनी आपली खोली सोडली आणि बहिणीकडे राहायला आले. आता त्यांना दुसरं काम नाही. बहीण भांडी घासते तेव्हा काका बघतात, काका जरा आडवे होतात तेव्हा बहीण बघते. भिंगरी वैतागतो.

"काय टकमक बघता दोघं? मी कुठे पळून चाललोय?"

"कुठेच नाही. जेव तू," काका म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, वयामुळे असेल. ते पुसायच्या आधी बहिणीला हाक मारतात, "बघतेस ना?" ती हो म्हणाली की मगच पापणी मिटतात.