खांब तिच्या घरावर, फोन त्यांच्या ओट्यावर

त्या गावाचं नाव निघालं की मला अजून मळमळतं. गाव संगमनेरच्या पठारावरचं आणि मी टेलिफोन खात्याचा तंत्रज्ञ. नव्वदच्या दशकात खात्याने दूरच्या गावांना तारा न ओढता वायरलेस फोन दिले. एक उंच खांब, त्यावर ॲन्टेना आणि तिचं तोंड संगमनेरच्या टॉवरकडे. फ्रीक्वेन्सी जास्त असल्याने या लहरी नाकासमोर चालणाऱ्या. मध्ये डोंगर नाहीतर भिंत आली की संपलं, वळसा घालणं त्यांना जमत नाही.

फोन सरपंचांच्या ओट्यावर बसवला होता, कारण गावात येईल ते तिथेच बसवायची रीत होती. वर्षभरात त्याच सरपंचांनी ओटा आणि टॉवर यांच्या बरोबर मध्ये पाण्याची टाकी बांधून घेतली. टाकी भरली की फोन मुका, रिकामी झाली की खरखरत का होईना बोलायचा. "पानी हाय तर फोन न्हाई, फोन हाय तर पानी न्हाई," असं लोक मलाच हसून सांगायचे. मी दर महिन्याला जायचो, चहा प्यायचो आणि वहीत 'चालू' लिहून यायचो.

शेवटी तक्रार वर गेली. साहेबांनी झापल्यावर मी सिग्नल मोजायचं मीटर घेऊन गावभर फिरलो. सुई नीट उभी राहिली ती एकाच जागी. गावाबाहेरच्या टेकाडावर, बौद्ध वस्तीत, एकट्या राहणाऱ्या एका मावशींच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरावर. मी सरपंचांना म्हणालो, फोन तिकडे हलवू.

तंबाखूची पिंक माझ्या बुटाशेजारी टाकत ते म्हणाले, "आमच्या बायका फोन कराया तिकडं जातील व्हय? खांब लावा तिकडं. फोन हितंच ऱ्हाऊ द्या."

मला किळस आली ती पिंकेची. बोलण्याची आली नाही, कारण आमच्याही घरी असंच चालायचं. मी "बरं" म्हणालो. खांब आणि यंत्राची पेटी मावशींच्या धाब्यावर बसवली आणि तिथून खाली ओट्यापर्यंत माझ्या हाताने तार ओढली.

मावशींनी एकच विचारलं. "साहेब, माझी लेक श्रीरामपूरला दिलीय. दिवस गेलेत तिला. तिचा फोन आला तर मला कळंल ना?"

"कळेल की," मी म्हणालो. "सरपंच निरोप देतील."

त्यानंतर फोन एकदाही बंद पडला नाही. साहेबांनी बैठकीत चारचौघांत माझं कौतुक केलं आणि मी ते मान खाली घालून, विनयाने वगैरे, घेतलं. खरं कारण पुढच्या फेरीत दिसलं. पठारावरचा वारा खांब फिरवायचा. पहिल्या दिवशी मी ॲन्टेना ज्या रेषेत लावली होती, तिथे मावशींनी कठड्यावर चुन्याची खूण करून ठेवली होती. वारा सुटला की त्या शिडीने वर चढायच्या आणि खांब खुणेवर आणायच्या. लेकीचा फोन चुकू नये म्हणून, साठी उलटल्यावर. मी "छान" म्हणालो आणि पक्का नट बसवायचं काम पुढच्या महिन्यावर ढकललं. असा मी.

पुढच्या महिन्यात दुपारी तपासणीला गेलो. नट याही वेळी विसरलो होतो, म्हणून धाब्यावर मावशी खांब धरून उभ्या राहिल्या, मी पेटी उघडून तारेला माझा टेस्टचा फोन लावला. तारेवर बोलणं चालू होतं.

"सकाळपासून तिसऱ्यांदा फोन करतोय," एक तरुण आवाज रडकुंडीला आला होता. "दवाखान्यातून जावई बोलतोय. तिची आई निघाली का? ती सारखी आईलाच विचारतीय."

"निरोप धाडलाय," सरपंच सावकाश म्हणाले. "म्हातारी घरी न्हाई."

म्हातारी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. सरपंचांच्या फोनचा खांब धरून.

मी मध्येच ओरडून सरपंचांना फोन खाली ठेवायला लावला आणि माझा फोन मावशींच्या कानाशी धरला. जावयाने सांगितलं ते मलाही ऐकू आलं. सकाळचे तीन फोन आणि सरपंचांचं उत्तर त्याने सांगितलं. बाळ पोटातच गेलं होतं. लेक शुद्धीत येत होती, जात होती.

"निगालेच म्हनावं तिला," मावशी म्हणाल्या.

त्या शिडीकडे गेल्या आणि परत फिरल्या. दोन्ही हातांनी खांब धरून त्यांनी ॲन्टेनाचं तोंड मागच्या उघड्या डोंगराकडे वळवलं. मग पदराने चुन्याची खूण पुसली. मी बघत राहिलो. अडवायला हात पुढे केला नाही. माझ्या मोटरसायकलवर त्यांना हमरस्त्याला सोडलं आणि एसटीत बसवलं.

लेक वाचली. मावशी महिनाभर तिकडेच राहिल्या आणि तो महिनाभर ओट्यावरचा फोन मुका होता. सरपंचांच्या तक्रारी आल्या, साहेबांनी पुन्हा झापलं. वहीत मी लिहिलं, 'वाऱ्याने ॲन्टेना फिरली.' त्या दुपारी पानसुद्धा हलत नव्हतं. नोकरीत मी पुष्कळ खोटं लिहिलं, पण त्यातलं एवढं एकच लिहिताना मला माझी किळस आली नाही.