कार्डात अडकलेले दोघे भाऊ

उमापुरात पहिला डिजिटल कॅमेरा मी आणला. हे मी म्हणत नाही, सगळा गेवराई तालुका म्हणतो. आता म्हणत नसेल तर विसरला असेल. गावातले एसटीडी बूथ तेव्हा नुकते ओस पडायला लागले होते आणि मोबाइलला रेंज हवी असली तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. अशा काळात मी साबणाच्या वडीएवढा चंदेरी कॅमेरा घेऊन एसटीतून उतरलो, तेव्हा स्टँडवर दोनशे माणसं उभी होती. त्यातली एकशे नव्वद दुसऱ्या गाडीची वाट बघत होती, हा भाग वेगळा.

आमचं किराणा दुकान. वडील, म्हणजे अप्पा, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून सकाळी सहाला तराजूमागं बसायचे ते दुपारच्या जेवणालाच उठायचे. दुकानाचा एक कोपरा मी भांडून मिळवला होता. तिथं पडदा टांगून स्टुडिओ थाटला होता. पडद्यावर निळं तळं, तळ्यात दोन बदकं आणि मागं बर्फाचे डोंगर. मे महिन्यात घामाने निथळणारी माणसं त्या बर्फासमोर उभी राहिली की निम्मा घाम जागेवरच गोठायचा.

जुन्या कॅमेऱ्यात रीळ असायचं, त्यात छत्तीस फोटो. नव्यात रीळच नव्हतं. टपालाच्या तिकिटाएवढं एक काळं कार्ड, त्याच्या पाठीवर सोनेरी पट्ट्या, बस्स. मी ते अप्पांच्या तळहातावर ठेवलं.

"अप्पा, आपली सगळी कमाई आता ह्याच्यात. दोनशे माणसं मावतेत."

अप्पांनी कार्ड उलटंपालटं केलं. "आन त्यांना जेवायला काय घालतो?"

तर त्या वर्षी खंडेनवमीला मी कामासाठी गेवराईला गेलो होतो. त्या दिवशी आमच्याकडं ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. तराजू, वजनं, मापं, कात्री असं सगळं पाटावर मांडून अप्पांनी पूजा केली, आणि शेजारी माझा कॅमेराही मांडला. दुसऱ्या दिवशी दसरा. मी काचेवरचं कुंकू पुसलं, झेंडूची पाकळी काढली, कॅमेरा चालू करून बघितला. ठणठणीत.

दुपारी धनगरवस्तीवरचा म्हातारा दुकानात आला. अंगात बंडी, खांद्यावर घोंगडं, आणि आवाज असा की त्यानं वस्तीवर कुत्र्याला हाक मारली तर पैठणची कुत्री उठून बसायची.

"अप्पाच्या पोरा, चल. फोटू काढायचाय. दोघंबी आज वस्तीवर हायत."

दोघं म्हणजे त्याचे दोन मुलगे. ते एकमेकांशी अकरा वर्षं बोलत नव्हते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. भांडण एका कुत्र्यावरून झालेलं. थोरला म्हणायचा कुत्रं माझ्या कळपाचं, धाकटा म्हणायचा माझ्या. कुत्रं मरून सात वर्षं झाली होती, भांडण मात्र धडधाकट होतं. दिवाळी झाली की थोरला आपली मेंढरं घेऊन गोदाकाठाला जायचा, धाकटा धारूरच्या घाटाकडं. दसऱ्याला तेवढे दोघं बापाच्या वस्तीवर यायचे आणि दिवाळीपर्यंत तिथंच दोन टोकांना राहायचे. तेव्हाही जेवताना एक उगवतीकडं तोंड करून बसायचा, दुसरा मावळतीकडं.

"डोळ्यांनी दिसतंय तवर दोघं शेजारी शेजारी उभी बघायचीत," म्हातारा वाटेत मला म्हणाला. "फोटूत तर फोटूत. फोटू माझ्यापाशी ऱ्हाईल. मंग जाऊ दे त्यांना कुटं जायचं तिकडं."

वस्तीवर लिंबाखाली मी दोघांना उभं केलं, मध्ये म्हातारा. दोघांच्या मिशा एका साच्यातल्या, पटके एका रंगाचे. दोघांमधलं अंतर एवढं की त्यातून एसटी गेली असती, प्रवाशांसकट.

थोरला मला म्हणाला, "त्याला सांगा, जरा सरक म्हणावं. माझ्या तोंडावर सावली पडायलीय."

धाकटा तिथंच, चार हातांवर. तोही मलाच म्हणाला, "सावली लिंबाची हाय म्हणावं. लिंबाला सांग म्हणावं."

"शहाणा हाय का म्हणावं."

"तुझ्यापरीस हाय म्हणावं."

मी टेलिफोन एक्स्चेंजसारखा इकडचं तिकडं करत होतो. शेवटी म्हाताऱ्यानं दोन्ही हात पसरले, दोघांच्या मानेत घातले आणि मेंढरं ओढावीत तशी दोघांना आत ओढलं. खांद्याला खांदा लागला. तेवढ्यात मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर काय फोटो! म्हाताऱ्याला मात्र उन्हात त्या इवल्या काचेत काही दिसेना.

"कागदावर आण," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. दोघं मुलगे तोवर दोन दिशांना चालू लागले होते.

घरी आलो. कार्ड बाहेर काढून कौतुकानं फुंकर मारली, परत आत सरकवलं. कॅमेरा चालू केला, तर त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं: कार्ड एरर.

मला घाम फुटला, बर्फाच्या पडद्यासमोर. कार्ड काढलं, घातलं. काढलं, घातलं. असं शंभर वेळा तरी केलं असेल. बॅटरी बदलली. कॅमेरा बंद करून पंधरा मिनिटं विश्रांती दिली, तापलेल्या बैलाला देतात तशी. लाल अक्षरं जागची हलेनात. शेवटी गावच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं सगळ्या आजारांवर एकच इलाज होता, कडेनं एक चापट. टीव्ही असो, टेप असो, चापट बसली की बोलायला लागायचा. त्यानं कार्ड चिमटीत धरलं आणि लई दुःखानं म्हणाला, "ह्याला मारायला जागाच न्हाई बे."

मग ऊन दाखवायचा सल्ला मिळाला. तासभर कार्ड घराच्या माळवदावर ठेवलं. एक कावळा येऊन बघून गेला. त्यालाही काही सुचलं नसावं.

तिसऱ्या दिवशी म्हातारा दुकानात हजर. फोटो ठेवायला धुतलेल्या धोतराचा तुकडा घडी घालून सोबत आणला होता. मी रिळाच्या जमान्यातली थाप ठोकली. "धुवायला टाकलाय, बाबा."

"धुवायला? ह्याला धुवावं लागत न्हाई असं परवा तूच सांगत व्हता की."

थापा मारण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, पण त्या घडी घातलेल्या तुकड्याला थाप मारवेना. खरं ते सांगितलं. म्हातारा ज्वारीच्या पोत्यावर बसला. त्यानं कॅमेऱ्याकडं बोट केलं.

"गेली का दोघं?"

"आत हायत, बाबा. दार उघडंना."

"परत उभी ऱ्हायची न्हाईत ती. ह्या बारीला मी लई हात जोडलेत. दिवाळी झाली की मेंढरं निघतेल. म्होरच्या दसऱ्याला मी हाय का न्हाई, कुनाला ठावं." तो उठला. तुकडा मात्र तिथंच, माझ्या टेबलावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी बीड गाठलं. तिथं एका कंप्युटरवाल्याचं दुकान होतं. आत एसी होता. तो मशीनसाठी होता, मालक स्वतः बाहेर स्टुलावर घाम पुसत बसायचा. त्यानं कार्ड एका डबीत घातलं, डबीची वायर कंप्युटरला जोडली. पडद्यावर एक चौकट उगवली. त्यानं ती वाचली आणि हसला.

"मामुली हाय. कार्ड फॉरमॅट न्हाई, करू का, असं इचारतंय. आत्ता हो म्हणतो. एका मिनटात कोरं करकरीत."

"कोरं म्हंजे?"

"म्हंजे नव्यासारखं. आत काहीच न्हाई."

त्याचं बोट खाली निघालं होतं. मी झेप घेतली. माझी झेप बीडमध्ये अजून सांगतात. टेबल हललं, चहाचा कप आडवा झाला, आणि मी माउस दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा. वायर माझ्या नाकाशी लोंबत होती.

"आत माणसं हायत!" मी ओरडलो.

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं कंप्युटरमागं वाकून बघायला लागली. कंप्युटरवाल्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला आधी डॉक्टरकडं न्यायला हवं. मग मी त्याला म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. माणूस चांगला निघाला. त्यानं चौकटीला नाही म्हणून ती बंद केली, कार्ड काढलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं.

"पाठीमागं हे पांढरं काय लावलंय?"

मी वाकून बघितलं. पाठीवर तीन आडव्या पांढुरक्या रेघा. वरची सोनेरी पट्ट्यांवर फिसकटलेली, बाकी दोन सुबक, सारख्या अंतरावर. या रेघा मी जन्मल्यापासून रोज सकाळी बघत आलो होतो, एका कपाळावर.

खंडेनवमीला अप्पांनी कॅमेऱ्याचं पोट उघडलं होतं. कार्ड बसलेलं होतं तोवर कसंबसं चाललं. मी बाहेर काढून फुंकर मारली, परत घुसवलं, तेव्हा ती वाळलेली विभूती पट्ट्यांवर सगळीकडं पसरली.

कंप्युटरवाल्यानं गल्ल्यातून साधं खोडरबर काढलं. हलक्या हातानं, एका दिशेनं, पट्ट्यांवरून चार वेळा फिरवलं. भुगा झटकला. कोरड्या सुती कपड्यानं पुसलं. डबीत घातलं. कंप्युटर घुरघुरला, आणि पडद्यावर लिंबाचं झाड आलं, झाडाखाली म्हातारा, आणि त्याच्या दोन बगलांत ते दोन पटके. मी कंप्युटरवाल्याच्या गळ्यात पडलो. तो म्हणाला, "आधी माउस खाली ठेवा."

फोटो कागदावर छापून घेतला आणि परत आलो. अप्पांना विचारलं, "तुमी कार्डाला विभूती लावली?"

"मंग? तराजूला लावली, वजनाला लावली. कमाई त्या चिपटात हाय असं तूच म्हनला ना? डब्याची पूजा करायची आन आतल्याला तसंच सोडायचं व्हय?"

मी टेबलावरचा तो धोतराचा तुकडा उचलला.

फोटो त्या तुकड्यात गुंडाळून वस्तीवर गेलो. म्हातारा मेंढरांच्या वाड्याच्या काट्याच्या कुंपणाशी एकटाच बसला होता. त्यानं फोटो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ नेला. अंगठा आधी थोरल्याच्या तोंडावरून फिरवला, मग धाकट्याच्या. नंतर फोटो बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि आवाज चढवला. पैठणची कुत्री उठून बसली असणार.

"आरं ए! दोघं बी हिकडं या! ह्या पोरानं फोटू घालवला!"

मी त्याच्याकडं वळलो. त्यानं डोळा मारला. सत्तरीच्या माणसानं मारलेला तो डोळा मला आजही दिसतो. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण माझाच फोटो खिशात घालून माझ्या तोंडावर मारलेली ही थाप म्हणजे माझ्याहून वरचढ काम होतं.

दोघं मुलगे दोन बाजूंनी आले. थोरल्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घालवला? कावून?"

"कार्ड बिघडलं," मी म्हणालो. हे खरंही होतं, चार दिवसांपूर्वीचं.

धाकटा म्हणाला, "मला तवाच वाटलं व्हतं. ह्याचा हात कापत व्हता."

"हात सोड," थोरला म्हणाला. "बटन तरी दाबलं का न्हाई, इचार."

"दाबलं आसंल, पर टोपन काढलं व्हतं का?"

"टोपन! बरोबर बोलला!"

बोलून झाल्यावर थोरला थबकला. धाकटाही थबकला. अकरा वर्षांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे मी बिनकामाचा. म्हातारा खाली मान घालून घोंगड्याची दशी ओढत होता.

त्यानंतर दिवाळीपर्यंत म्हाताऱ्यानं मला तीनदा बोलावलं आणि तीनदा त्याच्याच सांगण्यावरून माझा फोटो गेला. दुसऱ्या वेळी दोघांनी स्वतःहून जागा ठरवली आणि मला सूर्य कुठं असावा ते शिकवलं. तिसऱ्या वेळी धाकट्यानं कॅमेरा हातात घेतला, थोरल्यानं शेजारून मान घालून बघितलं, आणि दोघं मिळून माझी जी काही बिनपाण्याची केली, तशी आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनाही कधी जमली नव्हती. माझं नाव मात्र पुरतं बुडालं. त्या मोसमात लिंबागणेश गावचं एक लग्न हातचं गेलं; मुलीचा मामा म्हणाला, त्या उमापूरच्याचे फोटो निघत नाहीत म्हणे. खरं सांगायची मुभा म्हातारा देत नव्हता.

दिवाळीनंतर मेंढरं निघाली. दरवर्षी एक कळप पहाटे निघायचा, दुसरा उन्हं चढल्यावर, म्हणजे वाटेत तोंडं दिसायला नकोत. त्या वर्षी दोन्ही एका वेळेलाच निघाली. ठरवून की चुकून, ते कोणी सांगितलं नाही. फाट्यापर्यंत वाट एकच होती आणि तेवढ्या वाटेत हजारभर मेंढरं एकमेकांत मिसळली; हजार जरा जास्त होतील, पण धूळ हजारांची होती. फाट्यावर निवडानिवड सुरू झाली. कुठली कोणाची यावरून दोघांची जुंपली.

"ही माझी हाय!"

"तुझी कशी? कान बघ की तिचा!"

"कान काय बघतो, डोळं फुटलेत का तुझं?"

"तुझंच फुटलेत, दाद्या!"

म्हातारा आणि मी बांधावर बसून बघत होतो. दुपार कलली तरी निम्मी मेंढरं निवडायची राहिली होती. मी म्हणालो, "बाबा, सोडवायचं का?"

"बस खाली," म्हातारा म्हणाला. "थेट एकमेकाच्या तोंडावर भांडायलेत. मधी कुनी न्हाई. बघ की जरा."