ओल्या जमिनीची राखण

शिंपले भाजले की त्यांचा चुना होतो हे मी ऐकून होते, पण भाजल्यावरही ते शिंपल्यासारखेच दिसतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नमुन्याची पहिली भट्टी निवल्यावर मी एक उचलून बघितला. तीच नक्षी, त्याच रेघा, फक्त रंग पांढराफटक आणि वजन जवळजवळ नाहीच. "बाय, हात घामेजलेलो आसलो तर भाजतलंस," घर बांधणारे मेस्त्री ओरडले. मी तो घाईघाईने घमेल्यात टाकला. त्यांनी वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि आम्ही दोघं मागे सरलो. आधी काहीच झालं नाही. मग घमेलं फुसफुसायला लागलं, वाफ निघाली, शिंपले तडतडले, फुगले आणि बघता बघता त्यांचं मऊ पीठ झालं! मी टाळ्या पिटल्या. चाळिशी उलटलेली, शाळेत चित्रकला शिकवणारी बाई मी, आणि एका घमेल्याभोवती नाचत होते.

आई फणसाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. "नाचान झाला?" ती म्हणाली. "आता माका सांग, जमीन कसली घालतलंस?"

आमचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

बाबा गेल्यापासून आई आणि मी मालवणात भाड्याच्या खोलीत राहत होतो. वर स्लॅब. एप्रिल-मेमध्ये तो स्लॅब असा तापायचा की रात्री पंखा लावला तरी गरम हवाच अंगावर यायची. देवबागेच्या वाटेवर, खाडीच्या अलीकडे बाबांच्या वाट्याची जागा होती. तिथे मला आपलं घर बांधायचं होतं, आणि ते जांभ्या चिऱ्याचं, चुन्यात बांधलेलं, वर नळे म्हणजे जुनी गोल कौलं घातलेलं. याचं वेड मला कधी लागलं तेही सांगते. विजयदुर्गाला शाळेची सहल नेली होती. मुलं डबे खात होती आणि मी एका जुन्या भिंतीच्या सांध्यात नख घालून बघत होते. नख मोडलं, सांधा तसाच. त्या दिवसापासून मी ज्याला त्याला पकडून चुन्याबद्दल बोलायला लागले. स्टाफरूममध्ये मला बघितलं की लोक वह्या तपासायचं नाटक करायचे.

आईला भिंतींचं काही वावडं नव्हतं. चिरा तिलाही आवडतो, नळ्यांखाली ती वाढली आहे. पण मी नकाशा काढून दाखवला आणि जमिनीवर बोट ठेवून "इथे शेणाने सारवायचं" म्हटलं, तेव्हा तिने नकाशाच बाजूला सारला.

"तू भिंती कसल्याय बांध. पण जमीन शेणाची घातलंस तर मी थंय पाऊल टाकूचंय नाय. हयच भाड्याच्या खोलीत रवतलंय."

"आये, उन्हाळ्यात कितकी थंड रवता गो ती!"

"माका सांगतंस? जल्मभर कोणी सारवली ती, तू?"

तिला हवी होती फरशी. गुळगुळीत, पांढरी, दुकानात असते तशी. मला फरशीचं नाव काढलं की राग यायचा. पावसाळ्यात तिला घाम सुटतो, ओल्या पायाने गेलं की माणूस आडवा, आणि माझ्या एवढ्या लाडाच्या चिऱ्याच्या घरात ती म्हणजे नऊवारीवर रेनकोट. आम्ही दोघी हट्टी. पण माझी आई एकदा नाही म्हणाली की नाही. ती आली नसती तर ते घर मी बांधून करणार काय होते? माझ्या एकटीसाठी मला भाड्याची खोलीही मोठीच होती.

मार्ग मेस्त्रींनी काढला. पूर्वी देवळांत, मोठ्या घरांत चुन्याचा कोबा असायचा. चिऱ्याची खडी, वाळू आणि चुना कालवून पसरायचा, बडवून बडवून दगड करायचा आणि वरून घोटायचा. सारवण नाही, शेण नाही, फरशीही नाही. मी उडीच मारली. आईने मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि अट घातली.

"घाल कोबो. मी येवन वर कळशी ओततलंय आणि चलान बघतलंय. पायाक माती लागली तर तो फोडायचो आणि फरशी घालायची."

"आणि नाय लागली तर?"

"तर येतंय."

मग काय, मी पेटलेच. एवढ्या कामाला चुना पुष्कळ लागणार होता आणि चुन्याला शिंपले. बंदरावर सुक्या मासळीचं दुकान असलेले एक चाचा होते, त्यांच्याकडे गेले. ते आधी हसले. "शिंपे आम्ही खाडीत उडयतंव गे बाय, आणि तू मागूक इलंस?" पण दुसऱ्याच दिवसापासून त्यांच्या आळीतल्या घराघरांतून पोती यायला लागली. तिसऱ्या, कालवं, खुबे, जे जे ताटात पडलं होतं ते सगळं. आमच्या वाडीतही बातमी पसरली. बायका रस्त्यात थांबवून सांगायच्या, "काल तिसऱ्यो केललंय, कवचां ठेवलंय हां तुझ्या घराक." माझ्या घरासाठी आख्खा गाव मासे खातोय असं मला वाटायला लागलं आणि खरं सांगते, मी त्या दिवसांत फार खूश होते. शाळा सुटली की स्कूटीच्या पुढे पोतं घालून मी घाणेरड्या वासाची मिरवणूक काढत यायचे. आई दारातच नाक दाबून उभी असायची.

वाळूवरून एकदा गंमत झाली. देवबागेच्या एका ओळखीच्या माणसाने आपल्या आवारातली वाळू टेम्पोत भरून पाठवली, बारीक आणि सोनेरी. मी हरखले. मेस्त्रींनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकली. खाऱ्या वाळूने चुना धरत नाही, भिंत कायम ओलसर राहते. मला ती तेवढी खारी लागेना. "थोडी धुतली की झालं," मी म्हणाले. मेस्त्री नाही म्हणत होते, मी हो म्हणत होते. शेवटी दोघांनी आईपुढे मूठ धरली. आमच्या घरात मिठाचा निकाल तीच देते. तिने बोट लावून चाखलं.

"कढयेत घाल. वायच मीठ घालूची गरज नाय."

टेम्पो परत गेला. नदीची वाळू आणली. ती सगळ्यांनी चाखून घेतली, टेम्पोच्या ड्रायव्हरनेसुद्धा.

भिंती उठल्या, नळे चढले आणि कोबा बडवायचा दिवस आला. आमच्याकडे पावसानंतर अंगणातलं खळं करताना शेजारच्या बायका येऊन जमीन बडवतात. त्याच बायका आपापली लाकडी पेटणी घेऊन आल्या. खडी पसरली, त्यावर भिजवून मुरवलेला चुना. काम सुरू करण्याआधी मेस्त्रींनी नारळ ठेवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा गावदेवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या भुयेर घर बांधूक घेतल्यान हा. जमीन घट बसू दे, भेग पडू नये असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळ्या ओरडलो.

"आणि घराची आवस रुसान बसली हा, तिका ह्या जमिनीवर चलत येव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका दुप्पट जोराने ओरडल्या आणि हसायला लागल्या. मी आईकडे बघितलं. तिने 'व्हय' म्हटलं नाही. पदर सारखा केला आणि फणसाकडे बघत बसली.

मग बडवणं सुरू झालं. समोरासमोर दोन रांगा, एकीची पेटणी वर तर दुसरीची खाली. गुळाचं पाणी शिंपडायचं आणि बडवायचं. पहिला आवाज थपथप येत होता, ओल्या चिखलावर मारल्यासारखा. दुपारपर्यंत तो बदलला. टणटण नव्हे, पण घट्ट आणि कोरडा. माझे हात सोलवटले होते, पाठ मोडली होती आणि तो आवाज बदलताना ऐकून मला इतका आनंद झाला की मी मध्येच "ऐकताय काय?" म्हणून किंचाळले. माझा ठोका चुकला आणि शेजारणीने मला कोपराने ढोसलं. संध्याकाळी वर चाळलेला चुना आणि तांबडी काव घालून मेस्त्रींनी गोट्याने घोटायला घेतलं, तेव्हा जमीन पिकल्या कोकमासारखी तांबडी चमकायला लागली.

आता फक्त थांबायचं होतं. चुना सिमेंटासारखा एका रात्रीत धरत नाही. आठवडेच्या आठवडे जमीन ओली ठेवायची, वर नारळाच्या झावळ्यांची चुडतं टाकायची, पाणी मारायचं आणि कोणालाही पाय ठेवू द्यायचा नाही. मी रजा टाकली आणि पडवीत खाट टाकून राखणीला बसले.

आणि मला कळलं की ओल्या जमिनीवर पाय ठेवायची या जगात सगळ्यांनाच घाई असते. शेजारच्या कोंबड्या आल्या. वाडीतला कुत्रा आला. घर बघायला पाहुणे आले आणि नको नको म्हणताना आत शिरायला लागले. वायरमन आला, त्याला नेमकं आतल्याच भिंतीवर काहीतरी मोजायचं होतं. मी दिवसभर उठून उठून ओरडत होते.

"ओली आसा! पाय ठेवू नको! अरे, ओली आसा, दिसना नाय?"

एका दुपारी मेस्त्रीच विसरले आणि उंबऱ्यावरून पाऊल आत टाकलं. मी अशी किंचाळले की ते जागच्या जागी थिजले. पण तो आवाज माझा नव्हता. तो आईचा होता! लहानपणी आम्ही शाळेतून धावत यायचो आणि दारात तिचा हाच आवाज आडवा यायचा. ओली आसा, पाय ठेवू नको. आम्ही ठेवायचोच. बाबाही ठेवायचे, कोंबड्याही ठेवायच्या. ती परत शेण कालवायची, परत गुडघ्यावर बसायची, उंबऱ्यापर्यंत मागे मागे सारवत यायची आणि मग स्वतः बाहेर पायरीवर उभी राहायची. आमची पावलं उमटलेली जमीन मला आठवत होती. पायरीवर उभी असलेली आई मला त्या दुपारपर्यंत आठवली नव्हती.

मला माझा रागच आला. गारवा, मातीचा वास, पर्यावरण, काय काय मी तिला ऐकवलं होतं! ती फरशी मागत नव्हती. तिला आपल्या घरात आत उभं राहायचं होतं. मला रडू आलं, आणि मी रडत असताना कोंबडी पुन्हा चढली. मी नाक पुसत तिच्या मागे धावले.

त्यानंतर मात्र माझी अवस्था वाईट झाली. आधी मला पैज जिंकायची होती. आता ती जमीन पक्की व्हायलाच हवी होती. काव थोडी जास्त झाली असेल का, पायाला रंग लागेल का, कोपऱ्यात भेग दिसते ती सावली की भेगच, मी दिवसभर वाकून वाकून बघायचे. "बाय, बघान बघान तिका नजर लावशीत," मेस्त्री म्हणाले.

चुडतं काढली, जमीन सुकली आणि मी आईला स्कूटीवर मागे बसवून घेऊन आले. घराशी उतरून ती सरळ विहिरीवर गेली, कळशी भरली, कमरेवर घेतली आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. मेस्त्री खांबाला टेकून उभे होते.

तिने कळशी तिरकी केली. अर्धवट नव्हे, तळापर्यंत रिकामी केली. पाणी जमिनीवर पसरलं, भिंतीपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. स्वच्छ. त्यात वरचे नळे दिसत होते. आईने चपला काढल्या, लुगडं थोडं वर धरलं आणि त्या पाण्यातून चालायला लागली. मधल्या खोलीपर्यंत गेली. तिथे भिंतीला हात टेकून तिने एक पाय उचलला आणि तळवा बघितला. मग दुसरा उचलला. मला दारातून काही दिसत नव्हतं. माती? रंग? मी चौकट धरून मान लांबवली.

ती खाली बसली. त्याच पाण्यात, पाय लांब पसरून, पाठ चिऱ्याला टेकवून. मी तिला जमिनीवर असं पाय पसरून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी सवयीने उंबऱ्याबाहेरच थांबले होते. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"भायर कित्याक उभी? ये गो," ती म्हणाली. "ओली आसा. पाय ठेव."