बातमी पोचली ती जागा

आई गेली तेव्हा माझी धाकटी बहीण समुद्रात होती. मुंबईहून लक्षद्वीपकडे पर्यटकांना नेणाऱ्या एका मोठ्या जहाजावर ती नोकरीला आहे. जहाजावरच्या लोकांचं मन रमवायचं, हे तिचं काम. सकाळी डेकवर व्यायाम, दुपारी लहान मुलांचे खेळ, संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये तांबोला, म्हणजे पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायचा खेळ. आमच्या पोंभुर्णा तालुक्यातल्या जंगलाकडेच्या गावात हे काम समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. मी तिथल्याच शाळेत शिकवते. कोणी विचारलं तर "हॉटेलात हाये, पाण्यावरच्या" असं सांगून मोकळी व्हायचे.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. आईला ताप होता, पण तो तिनं अंगावर काढला. पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला जातच राहिली. मग ताप डोक्यात गेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी ती तिथेच गेली.

व्हरांड्यात येऊन मी बहिणीला फोन लावला. लागला नाही. म्हणून लिहून पाठवलं, "माय गेली. ये." थोड्या वेळानं त्या ओळीपुढच्या खुणा निळ्या झाल्या. म्हणजे तिनं वाचलं होतं. पण उत्तर आलं नाही. आईला घेऊन आम्ही निघालो, बल्लारपूर मागे पडलं, जंगल सुरू झालं. मी हातातला फोन पुन्हा पुन्हा उजळवून बघत होते. गावची वेस दिसायला लागली तेव्हा कुठे तो वाजला. थोरली म्हणून ती मला बाई म्हणते.

"बाई, मी येऊन राह्यली. थांबवता येते का?"

थांबवता आलं नाही. उन्हाळा आमच्याकडचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आईला माती दिली. जहाज कोचीला लागल्यावर ती उतरली, विमानानं नागपूर, तिथून गाडीनं गाव. ती पोचली तेव्हा वरची माती वाळून पांढुरकी पडली होती. ती त्या मातीवर हात टेकून बराच वेळ बसली. बायांना वाटलं, आता ही मोठ्यानं रडेल. ती रडली नाही. काही दिवस राहिली, आईची लुगडी घडी घालून पेटीत ठेवली आणि परत कामावर गेली.

मधल्या त्या वेळेबद्दल मी तिला विचारलं नाही. वाचल्यावर उत्तर द्यायला इतका उशीर का लागला, हे मात्र माझ्या मनात रुतून बसलं होतं. 

बाबा मुळातच कमी बोलणारे. पण पुढच्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, एके दिवशी अंगणात बसल्या बसल्या म्हणाले, "माय गेली तवा पोरगी कुठी होती, ते जागा मले पाहाची हाये."

मी बहिणीला कळवलं. जहाजावर काम करणाऱ्यांना घरच्या माणसांना सवलतीत नेता येतं. ती म्हणाली, "बाबा खरंच येतो म्हणाले?" दोनदा विचारलं तिनं.

जहाजाची आम्हाला अगदीच ओळख नव्हती असं नाही. बहीण व्हिडिओ पाठवायची. एकात मोठी काचेची दारं असलेली खोली होती, बाहेर गच्ची, गच्चीपुढे निळं पाणी. आईला तो फार आवडायचा. शेजारणींना दाखवून सांगायची, "हे माह्या पोरीची खोली." बहिणीनं तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. मीही नाही.

मुंबईच्या बंदरावर ते जहाज पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला त्याचं टोक कुठे आणि शेवट कुठे ते कळेना. इमारतच होती ती, खिडक्यांच्या रांगाच रांगा असलेली. सामान तपासलं, फोटो काढले, दार उघडायचं कार्ड हातात दिलं. बहीण आत, जिन्यापाशी उभी होती. निळा कोट, केसांचा घट्ट अंबाडा, ओठांना रंग. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून हसत होती. आमच्याकडे बघूनही ती तशीच हसली. मग वाकून बाबांच्या पाया पडली आणि लगेच मागच्या कुटुंबाकडे वळली.

आमची केबिन आतल्या बाजूची होती. तिला खिडकी नव्हती. दोन पलंग, भिंतीत दुमडून ठेवलेला तिसरा, एक आरसा, एक टीव्ही. न्हाणीघर इतकं लहान की वळताना कोपर भिंतीला लागायचं. संडासचं बटण दाबलं की असा मोठा आवाज व्हायचा की बाबा पहिल्यांदा दार उघडून बाहेरच आले. आंघोळीला बादली नाही, तांब्या नाही, वरून पडणारं पाणी. ओला पडदा पाठीला चिकटायचा. पलंगावर टॉवेलाचा हत्ती करून ठेवला होता. बाबांनी तो मोडला नाही. अलगद उचलून खुर्चीवर बसवला आणि घरून आणलेल्या पंच्यानं अंग पुसलं.

दिवा मालवला की हाताला हात दिसत नसे. बाबा आयुष्यभर उजेडावर उठलेले. त्यांना या खोलीत दिवस कळेना. मग बहिणीनं टीव्हीवर एक चॅनल लावून दिलं. जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्यातून दिसणारा समुद्र त्यावर सतत चालू असायचा. तीच आमची खिडकी झाली. 

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करून जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवलं. मग आम्ही वरच्या डेकवर गेलो. किनारा लांब जात होता. वर गाणी लागली होती, पोहायच्या तलावात पोरं उड्या मारत होती. बाबा कठड्याला धरून खाली बघत राहिले. एवढंच म्हणाले, "येर." गोंडीत पाण्याला येर म्हणतात. आईशी ते गोंडीत बोलायचे. ती गेल्यापासून त्यांच्या तोंडून गोंडी शब्द मी ऐकला नव्हता.

जेवायला इतकं काही मांडलेलं असायचं की काय घ्यावं कळत नसे. बाबा भात, वरण आणि कांदा घ्यायचे. बहीण आमच्यासोबत एकदाही जेवायला बसू शकली नाही. तिचं जेवण खाली, कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या खोलीत. जाता-येता ती आमच्या टेबलाशी थांबायची, पाठीवर हात ठेवायची आणि कोणीतरी हाक मारली की जायची. दिवसभर ती कुठे ना कुठे दिसायची. तलावाच्या काठावर माईक घेऊन लोकांना नाचवताना, म्हाताऱ्या जोडप्यांची संगीत खुर्ची घेताना, रडणाऱ्या पोराच्या गालावर फुलपाखरू रंगवताना. सगळीकडे तेच हसू. घरी ती असं कधी हसत नव्हती. ती आईसारखी, ओठ मिटून हसणारी.

बाबांनी तिला विचारलं, "तू झोपतेस कुठी? ते गच्चीवाली खोली दाखव."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, ते खोली पावण्यांची. आमी खाली राह्यतो. तिथी तुमाले नेता येत नाई, मनाई हाये."

थोड्या वेळानं माझ्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल आला. एकाच जहाजावर आम्ही वर, ती कुठेतरी आमच्या पायाखाली, आणि फोनवर ती आम्हाला आपली खोली दाखवत होती. वर-खाली दोन पलंग, खालचा तिचा. पुढे पडदा. एक अरुंद कपाट. खिडकी नाहीच. पलंगाच्या आतल्या भिंतीला आईचा फोटो चिकटवलेला होता. मोहाची टोपली कमरेवर घेऊन उन्हात डोळे बारीक केलेली आई. 

"समुद्र दिसत नाई काय तिथून?" बाबांनी विचारलं.

"नाई. पण आवाज येते, बाबा. पाण्याचा. भिंतीले कान लावला की येते."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी जहाज दिवसभर पाण्यातच होतं. जेवणानंतरच्या रिकाम्या वेळात बहीण आम्हाला घ्यायला आली. मोठ्या हॉलमध्ये तेव्हा कोणी नव्हतं. लाल खुर्च्यांच्या रांगा, समोर रंगमंच, जाड पडदा. ती आम्हाला रंगमंचाच्या डाव्या बाजूला, पडद्यामागच्या अरुंद जागेत घेऊन गेली. तिथे भिंतीला एक आरसा आणि माईक ठेवायचा कप्पा होता.

"इथी होती मी, बाबा," ती म्हणाली. "तांबोला सुरू व्हायचा होता. लोक येऊन बसले होते. माईक घेतला अन् फोन ठेवता ठेवता बाईचा मेसेज दिसला."

"मंग?" बाबा म्हणाले.

"मंग काय. बाहेर गेली."

"बाहेर कुठी?"

"रंगमंचावर. माह्यासोबत काम करणारी आजारी होती त्या दिवशी. साहेब जेवणाच्या हॉलमध्ये होते. त्याईले सांगायला गेली असती तर लोक ताटकळले असते, अन् खरं सांगू काय, मले तवा तसं सुचलंच नाई. पाय आपोआप चालले. मी आकडे काढले. प्रत्येक आकड्यावर गंमत करावी लागते. मी केली. लोक हसले." ती माझ्याकडे वळली. "मी पण हसली, बाई. पूर्ण खेळ होईपर्यंत हसली. बक्षिसं वाटली, फोटो काढले. मंग इथी येऊन बसली, तवा तुले फोन लावला."

माझ्या मनात इतके दिवस रुतून बसलेली ती वेळ अशी माझ्यासमोर उभी राहिली. 

बाबांनी ती जागा नीट बघितली. आरसा, कप्पा, पडदा. मग खाली वाकून तिथल्या गालिच्यावर तळहात टेकवला. आईच्या मातीवर बहिणीनं टेकवला होता तसाच.

"आज पण हाये काय तुया खेळ?"

"हाये. पण तुमी नका येऊ, बाबा."

"येतो."

संध्याकाळी हॉल भरला होता. बाबा पुढच्याच रांगेत बसले. हातात तिकीट दिलं, पेन दिलं. बहीण दिव्यांच्या झोतात आली, चमकणारा झगा घालून. आकडे पुकारू लागली. लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. बाबांनी एकही आकडा खोडला नाही. ते फक्त तिच्या तोंडाकडे बघत होते. शेजारच्या बाईंनी दोन-तीनदा सांगितलं, "काका, तुमचा आकडा आला," आणि शेवटी त्यांच्या मांडीवरच्या तिकिटावर स्वतःच खुणा करायला लागल्या. बहिणीचा आवाज एकदा अडखळला. पुढच्या आकड्यावर तिनं सावरून घेतलं. 

खेळ संपला. लोक तिकिटं फाडून, चुरगाळून तिथेच टाकून जेवायला निघून गेले. लाल गालिच्यावर सगळीकडे पिवळे-पांढरे कागद पसरले होते. बाबा उठले, रांगेच्या टोकाशी जाऊन खाली बसले आणि एकेक कागद वेचायला लागले. 

बहीण धावत आली. "बाबा, राहू द्या. साफ करणारे येतात. बाबा, लोक पाहून राह्यले."

बाबांनी मान वर केली नाही. उकिडवे सरकत, डाव्या हातात कागद जमवत ते पुढे जात राहिले. आई मोह वेचायची ती अशीच. झाडाखालची जागा झाडून घ्यायची आणि उजाडायच्या आत उकिडवी बसून एकेक फूल उचलायची. आम्ही दोघी लहानपणी तिच्यामागे अशाच सरकत जायचो. 

बहिणीनं एकदा दाराकडे बघितलं. मग झगा आवरून ती बाबांच्या शेजारी खाली बसली. दोन-चार कागद वेचले, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की दारापाशी पोचलेली माणसं वळून बघायला लागली. "माय वो," एवढंच ती म्हणत होती. "माय वो." बाबांनी हातातले कागद खाली ठेवले आणि तिचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं. मी दोघांच्या मागे बसले. कोणीतरी येऊन हॉलमधले अर्धे दिवे मालवले आणि आम्हाला न उठवता निघून गेलं.

लक्षद्वीपच्या बेटावर उतरायच्या दिवशी समुद्र खवळलेला होता, किनाऱ्याला नेणाऱ्या छोट्या होड्या गेल्या नाहीत. लोक कुरकुरत होते. आम्हाला काही वाटलं नाही. बहिणीनं थोडी सुटी मागून घेतली होती. डेकच्या मागच्या बाजूला, जिथे वारा कमी, तिथे आम्ही तिघं बसलो. आईला शेवटच्या दिवसांत काय खावंसं वाटत होतं, तापात ती कोणाकोणाशी बोलत होती, हे सगळं तिला मी तेव्हा सांगितलं. ती मधेच विचारायची, "माह्यं नाव घेतलं काय?" मी खरं ते सांगितलं. घेतलं नव्हतं. तापात आई आपल्या लहानपणच्या कोणा मैत्रिणीला हाका मारत होती. बहिणीनं मान हलवली. खोटं सांगितलं असतं तरी तिनं ओळखलं असतं.

मुंबईला उतरताना ती पुन्हा जिन्यापाशी उभी होती, हात जोडून. त्याच संध्याकाळी दुसरे पाहुणे चढायचे होते, तिला उतरता येणार नव्हतं. आमच्यामागे बॅगा ओढणाऱ्या लोकांची रांग होती. बाबा तिच्यासमोर थांबले. तिच्या ओठांवरचं ते हसू तेव्हा गेलं होतं. 

"घरी येजो," ते म्हणाले. "मोह पडायच्या आंधी."

"येईन, बाबा."

मागून कोणीतरी "काका, पुढे चला" म्हणालं आणि आम्ही पुढे सरकलो.

मोह पडायच्या आधी तिला सुटी मिळाली नाही. ती आली तेव्हा झाडाखाली फुलं संपली होती, फांद्यांना नवी तांबूस पालवी होती. आताही ती जहाजावरच आहे. मी कधीतरी विचारते, सोडायची का नोकरी. ती म्हणते, इकडे येऊन काय करू? बाबांना गावात लोक विचारतात, जहाज कसं होतं, तर ते जेवणाचं सांगतात, टॉवेलाच्या हत्तीचं सांगतात. पोरीचं काम काय, असं विचारलं की म्हणतात, "लोकाईले हसवते. लई कठीण काम हाये."